शरीर झिजवायचे नव्हे, जपायचे!

वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मागच्या वर्षावासातील एका रविवारी आजारी भिक्खूचा प्रसंग वाचला गेला. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत होता. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. कारण काय, तर तो आता संघाच्या कुठल्याच कामाचा राहिला नव्हता! तथागत आनंदाला घेऊन तेथे गेले. पाणी मागवले, त्याला आपल्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग साऱ्या संघाला बोलावून एकमेकांची शुश्रूषा करण्याची सक्त ताकीद दिली.

वाचन संपले. नेहमीप्रमाणे सारे उठू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "वकीलताई, त्या भिक्खूला बघायला भगवान तरी आले. आमच्या अंगाकडं कोण बघतंय? आमीच कधी बघितलं न्हाई!"

मावशींनी वीस वर्षे ऊस तोडला. पस्तिशीच्या आतच त्यांची 'पिशवी' काढली गेली. तेव्हापासून कंबर धरते, हाडे दुखतात, रात्री झोप लागत नाही. आम्ही सहज विचारले, "इथं आणखी कुणाकुणाची पिशवी काढली आहे?" प्रथम कोणी बोलेना. मग एक हात वर आला, दुसरा आला. मोजले तर सात हात! त्यातील एकीनेही आजवर शेजारणीला ही गोष्ट सांगितली नव्हती. आम्हाला मात्र आठवा हात दिसत होता. तो आमचाच होता. वर जाता जाता थोडक्यात राहिलेला. त्याबद्दल पुढे सांगू. परंतु त्या रविवारपासून एका प्रश्नाने आमची पाठ सोडलेली नाही. ज्या समाजाने पाणवठ्याचा हक्क मिळवला, शिक्षणाचा मिळवला, मताचा मिळवला, तो स्वतःच्या शरीराचा हक्क सांगायला एवढा का लाजतो?

याचे मूळ शोधायला फार दूर जायला नको. अस्पृश्यता हा गुन्हा या देशात कुठे घडला? आमच्या शरीरावर घडला! जमीन नाकारली, ज्ञान नाकारले, हे खरेच. पण विटाळ ठरवला तो शरीराचा. आमची सावली विटाळ, आमची थुंकी विटाळ, आमच्या पावलाचा ठसा विटाळ. पेशवाईच्या पुण्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, तो याच विटाळाच्या कल्पनेपायी. मात्र मेलेले ढोर ओढायला, गावचा सांगावा पायी पोहोचवायला, लाकडे फोडायला हेच शरीर व्यवस्थेला चालत होते. म्हणजे आमचे शरीर एकाच वेळी घाणेरडेही आणि फुकट वापरण्यासारखेही! शेकडो वर्षे ही शिकवण पचवलेला माणूस आपल्या अंगाकडे प्रेमाने पाहील कसा? तो एक तर त्याची लाज बाळगेल, नाही तर त्याला उसन्या अवजारासारखा वापरेल. आज आमच्या घराघरांत या दोन्ही गोष्टी घडत आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांनी ही मेख अचूक ओळखली होती. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले आणि ते कशावर होते, तर लुगडे नेसण्यावर, दागिन्यांवर, स्वच्छतेवर! अंगावरचे कथील-चांदीचे जड दागिने आणि गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे ही अस्पृश्यतेची ओळख बनली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी बजावले. कायदे मंडळाचा सदस्य, बॅरिस्टर माणूस आयाबहिणींना लुगडे कसे नेसावे हे सांगतो! आज हे कोणाला किरकोळ वाटेल. किरकोळ नव्हते ते. गुलामीचा शिक्का कागदावर जाळून भागत नाही, अंगावरूनही उतरवावा लागतो, हा त्याचा अर्थ होता. आणि आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आज्यांना तो अर्थ तत्काळ कळला. त्यांनी तेथेच लुगडी नीट नेसली. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही बाबासाहेब तेच बोलले. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका. हा सगळा उपदेश शेवटी कशाचा आहे? आपल्या शरीरावर आपला ताबा ठेवण्याचाच ना?

आज लुगड्याचा प्रश्न उरला नाही. पण अंगावरचा शिक्का गेला का? आमच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका उघडून बघा. 'बौद्ध, उच्चशिक्षित, नोकरीस असलेली, गोरी वधू पाहिजे!' बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला नवरदेव, मागे बोधिसत्त्वाचा फोटो आणि मागणी गोऱ्या कातडीची! 1975 पासून या देशात 'फेअर अँड लव्हली' विकली गेली. जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा 2020 मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला. कंपनीने शब्द काढला. आम्ही मनातून काढला का? आमचा स्वतःचा रंग काळा. लहानपणी आमची आई दर रविवारी डाळीचे पीठ आणि हळद लावून आम्हाला घासत असे. आईचे प्रेम त्या हातात होते, यात शंका नाही. पण त्याच हातात भीतीही होती, या पोरीला कोण पदरात घेईल ही. ती भीती आईची नव्हती. ती तिला वरच्या व्यवस्थेने दिली होती. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीत रंगद्रव्य जास्त असते आणि ते त्याचे उन्हापासून रक्षण करते, एवढी साधी गोष्ट आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचली. आरशासमोर मात्र ती आठवायला आम्हाला चाळिशी गाठावी लागली.

मासिक पाळीचेही तेच. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवण्याची चाल आमच्यातील किती घरांतून पूर्णपणे गेली? भीमजयंतीच्या कार्यक्रमाला, विहारात वंदनेला 'अडचण आहे' म्हणून न येणाऱ्या भगिनी आजही आहेत. बौद्ध धम्मात असा कुठलाही विटाळ नाही. 2018 च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात पाळीच्या कारणावरून स्त्रीला दूर ठेवण्याची सांगड थेट संविधानाच्या अनुच्छेद 17 शी घातली. हीही अस्पृश्यताच आहे, असे त्यांनी मांडले. आम्ही म्हणतो, हा युक्तिवाद समजायला आम्हाला न्यायालयाची गरज पडावी, हीच शरमेची गोष्ट आहे! ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांनीच आपल्या लेकीबाळींचा विटाळ मानावा?

लाजेबद्दल एवढे पुरे. आता वापराबद्दल बोलू. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत शरीर गहाण! एक दिवस काम चुकले की खाडा, खाड्याचा दंड. पाळी आली म्हणून थांबता येत नाही, आडोसा नाही, पाणी नाही, कपडा धुवायची सोय नाही. त्यातून अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. मग कोणी तरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील हा प्रकार गाजला, तेव्हा राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातील 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा! शंभरातील सोळा-सतरा बायका! यंत्राचा एखादा भाग कामात अडथळा आणतो म्हणून काढून फेकावा, तसा हा प्रकार आहे. आणि त्यातील भयंकर भाग असा की, "बरं झालं, कटकट गेली," असे आमची मावशीही सुरुवातीला म्हणाली होती. गुलामाला गुलामीच सोय वाटू लागावी, यापरते दुर्दैव कोणते?

गर्भाशय काढणे नेहमीच चूक, असे आम्ही म्हणत नाही. कर्करोग असेल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. प्रश्न आहे तो दुसरे उपाय न करता, बाईला काही न सांगता ती करण्याचा. अनेकदा गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली जातात. मग तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आता आमच्या आठव्या हाताची गोष्ट. आम्ही वकील. वीस वर्षे लोकांचे कागद वाचतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला महिनोन् महिने जास्तीचा रक्तस्राव होत होता. सकाळी कोर्ट, दुपारी मोर्चा, संध्याकाळी बैठक. काळा कोट उपकारक, त्यावर डाग दिसत नाही! न्यायालयातील महिलांचे स्वच्छतागृह कुलूपबंद, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही, ही आमची शिस्त. दुसऱ्यांच्या अत्याचाराच्या फिर्यादी लिहिताना स्वतःच्या देहावर चाललेला अत्याचार आम्हाला दिसला नाही. एक दिवस जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सातवर! एका खासगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि विचारले, "मुले झाली ना? मग पिशवी ठेवून करायचे काय?" परिचारिकेने कागद पुढे केला. आम्ही सही केली.

होय, न वाचता सही केली! आमच्या हाताखाली शिकणारी तरुण वकील एका वकालतनाम्यावर सही घ्यायला तेथे आली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पक्षकाराला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू देत नाही. हा कागद वाचला का?" आम्ही वाचला. छापील नमुना, निम्म्या जागा कोऱ्या आणि खाली आमची सही. अंडाशये काढण्याची संमतीही त्यातच. आम्ही कागद परत मागितला आणि उठून शासकीय रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरताईंनी अर्धा तास समजावून सांगितले. छोटी गाठ होती. गोळ्या, लोह, विश्रांती आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर भागले. आज आम्ही जिने चढतो. पण कायद्याची पदवी असलेल्या बाईचा हात जर त्या कागदावर असा आपोआप चालतो, तर फडातल्या मावशीला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? शिक्षणाने आम्हाला दुसऱ्याच्या हक्कांसाठी भांडायला शिकवले. स्वतःचे शरीर हेही कोणी तरी आहे, त्यालाही हक्क आहेत, हे शिकणे बाकी होते.

म्हणून कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावे. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले होते. एक 44 वर्षांची अविवाहित स्त्री तपासणीसाठी म्हणून दाखल झाली. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या वतीने आईही संमती देऊ शकत नाही. भरपाई अवघी 25 हजार मिळाली, पण तत्त्व लाखमोलाचे ठरले. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला. आपल्या शरीराबाबतचा निर्णय आपण घेणे हाही त्याचाच भाग. एप्रिल 2023 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला. आपल्या उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. हे कोणी उपकार म्हणून देत नाही. मागा!

येथे कोणी म्हणेल, समाजापुढे एवढे प्रश्न पेटलेले असताना शरीराचे लाड कसले? हा आक्षेप आम्ही आमच्याच चळवळीतून वारंवार ऐकतो. त्यांना आम्ही बाबासाहेबांचे कार्य दाखवू इच्छितो. 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देणारे बाबासाहेबच होते. नोव्हेंबर 1938 मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेच मांडला; सभागृहाने तो फेटाळला. मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा केला आणि 1946 मध्ये कारखान्यातील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. माणसाचे शरीर यंत्र नाही, त्याला विश्रांती हवी, हा विचार कायद्यात आणणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत. आणि आपणच विश्रांतीला लाड म्हणावे?

आपण 14 एप्रिलला '18 तास अभ्यास' हा उपक्रम मोठ्या अभिमानाने घेतो. घ्यावाच. पण त्या मुलांना हेही सांगावे की, बाबासाहेबांना मधुमेह होता, हातापायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप लागत नव्हती आणि 6 डिसेंबर 1956 रोजी अवघ्या 65 व्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत ते आपल्याला सोडून गेले. त्याआधी 1935 मध्ये रमाई गेल्या. त्यांचे झिजणे ही त्यांच्यावर परिस्थितीने लादलेली किंमत होती; आपण अनुकरण करावे असा तो आदर्श नव्हे. ते झिजले ते आपण झिजू नये म्हणून! वडापाववर दिवस काढणारा, रात्री दोनला झोपणारा, साखर वाढली तरी गोळी न घेणारा कार्यकर्ता पन्नाशीत गेला की आपण शोकसभा घेतो आणि 'समाजासाठी झिजला' म्हणतो. समाजासाठी तो आणखी वीस वर्षे जगला असता तर? पाचवे शील रोज म्हणायचे आणि संध्याकाळी बाटली उघडायची, हेही त्याच देहद्रोहाचे दुसरे रूप.

हा प्रश्न एकेकट्याचा नाही, हे आकडे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या 2018 च्या अहवालानुसार भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय 39.5 वर्षे, तर उच्चजातीय स्त्रीचे 54.1 वर्षे आढळले. तब्बल साडेचौदा वर्षांचे अंतर! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ही साडेचौदा वर्षे कोणी चोरली? गरिबीने चोरली, जातीने चोरली, सरकारी अनास्थेने चोरली. त्याविरुद्ध रस्त्यावरची आणि न्यायालयातील लढाई चालूच राहील. परंतु त्यातील काही वर्षे आपण आपल्या हातानेही देऊन टाकतो. सर्वांत शेवटी जेवून, दुखणे लपवून, तपासणी टाळून आणि 'मला काय धाड भरली' असे म्हणून.

सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देह कष्टवून पाहिला. हाडांचा सापळा उरला, ज्ञान मिळाले नाही. मग सुजाताची खीर त्यांनी स्वीकारली. सोबतच्या पाच परिव्राजकांनी त्यांना सुखासक्त ठरवून सोडले. तरी ते मागे वळले नाहीत आणि पुढे त्या पाच जणांनाच त्यांनी पहिला उपदेश दिला, तो मध्यम मार्गाचा. देहाचे चोचले नकोत आणि देहाचा छळही नको. शरीर जसे आहे तसे स्वच्छ नजरेने पाहायचे. काळे तर काळे, जाड तर जाड, आजारी तर आजारी. त्याची लाज न बाळगता, त्याला काय हवे ते विचारायचे. आम्हाला यापेक्षा सोपी आणि यापेक्षा अवघड साधना दुसरी माहीत नाही.

त्या रविवारनंतर आमच्या विहारात एक वही ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ओळखीच्या परिचारिका भगिनी येतात. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन तपासून ज्याच्या त्याच्या कार्डावर नोंद होते. कोणाला शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय आणि कागद वाचून घेतल्याशिवाय तिने सही करायची नाही, असा ठराव महिला मंडळाने केला आहे. वाचून दाखवायला आम्ही जातो. त्यासाठी फी नाही. पुरुष बांधव सुरुवातीला बाहेर चपलांजवळ घुटमळत. आता तेही बाही वर करून रांगेत बसतात. फार मोठे काम नाही हे. वही शंभर पानी आहे आणि दहा रुपयांचा पेन आहे. प्रत्येक विहारात हे होऊ शकते.

मावशींच्या नावाने त्या वहीचे पहिले पान सुरू होते. गेलेले गर्भाशय परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्या आता कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर घेतात आणि सुनेला घेऊन येतात. मागच्या महिन्यात सून लाजून मागे सरकत होती. तेव्हा मावशींनी तिचा हात धरला आणि परिचारिकेसमोर ठेवला. म्हणाल्या, "दाखव. अंग आपलंच हाय, चोरीचं न्हाई!"

महाडच्या मातीत आपल्या आज्यांनी लुगडे नीट केले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. त्यांनी अंगावरचा शिक्का उतरवला. त्या अंगाची काळजी घेण्याचे काम आपल्यावर सोपवलेले आहे. ते आजच, आपापल्या घरातून सुरू करू या.

जयभीम!